सरासरी कोणती? विस्कळीत रचनेतल्या टोपॉलॉजीवर पहिला प्रकल्प करणाऱ्यांसाठी

‘अव्यवस्था वाढवत नेली की साधा इन्सुलेटर टोपॉलॉजिकल होतो, ते करून बघ.’ एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या सहामाहीत हा विषय हाती आला, तर गाईडकडून बहुधा एवढंच सांगितलं जातं. (टोपॉलॉजिकल म्हणजे पोटात विद्युतरोधक, पण काठावर किंवा टोकाला खास, सहज न मोडणाऱ्या अवस्था असलेला.) वाक्य खरं आहे. पण त्यावर विसंबून थेट कोड लिहायला बसलेला विद्यार्थी महिनाभराने रंगीत नकाशा घेऊन येतो आणि त्यातला निळा पट्टा खरा की कोडमधल्या चुकीचा, हे त्याला सांगता येत नाही. हा लेख त्या महिन्यासाठी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. अँडरसनने १९५८ साली दाखवलं की पुरेशी अव्यवस्था असली की इलेक्ट्रॉनच्या लहरी जागच्या जागी अडकून पडतात. त्यामुळे अव्यवस्था म्हणजे बिघाड, अशीच सगळ्यांची धारणा होती. टोपॉलॉजिकल इन्सुलेटर आले तेव्हाही चर्चा ‘काठावरची वाहती अवस्था किती अव्यवस्था सोसते’ एवढ्यापुरतीच होती. २००९ साली जियान ली, रुई-लिन चू, जैनेंद्र जैन आणि शुन-चिंग शेन यांनी उलटंच मांडलं : साध्या अवस्थेतल्या नमुन्यात अव्यवस्था घातली तर काठावरची वाहकता अवतरते. याला टोपॉलॉजिकल अँडरसन इन्सुलेटर म्हणतात. त्याच वर्षी लायडनच्या गटाने कारण सांगितलं : अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉनचं ‘वस्तुमान’, म्हणजे गॅपचं (ऊर्जेच्या दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेचं) चिन्ह ठरवणारी संख्या, बदलते आणि धनाची ऋण होऊ शकते. पुढे २०१७ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीतून अधीप अग्रवाल आणि विजय शेनॉय यांनी दाखवलं की जालक, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, मुळीच नसलं, ठिपके वाटेल तसे विखुरलेले असले, तरी टोपॉलॉजिकल अवस्था उभी राहते.

या दोन कल्पनांच्या मधला रस्ता म्हणजे रचनेतली अव्यवस्था. अणूंच्या ऊर्जा एकसारख्याच ठेवायच्या, फक्त त्यांच्या जागा हलवायच्या, आणि साधी अवस्था टोपॉलॉजिकल होते का ते पाहायचं.

पहिला आठवडा : संगणक बंद

सुरुवात सू-श्रीफर-हीगर साखळीपासून करा. पॉलिअॅसिटिलीनसाठी १९७९ साली मांडलेलं हे मॉडेल आहे. एका पेशीत दोन जागा, अ आणि ब. दुवा म्हणजे इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसरीवर किती सहज उडी मारतो ती संख्या. पेशीच्या आत अ-ब जोडणारा ‘आतला दुवा’, एका पेशीच्या ब-पासून पुढच्या पेशीच्या अ-पर्यंत जाणारा ‘बाहेरचा दुवा’. सगळे दुवे एकसारखे असतील तर आतला दुवा मोठा असताना साखळी साधी असते, बाहेरचा मोठा असताना टोपॉलॉजिकल, आणि टोकाला शून्य ऊर्जेची अवस्था मिळते.

आता दुवे एकसारखे नाहीत असं धरा. शून्य ऊर्जेचं समीकरण लिहिलं तर डाव्या टोकापासून अ-जागांवरची लहर अशी पुढे सरकते :

पुढच्या अ-वरचं मूल्य = −(आतला दुवा ÷ बाहेरचा दुवा) × मागच्या अ-वरचं मूल्य

शंभर पेशी ओलांडल्या की शंभर गुणोत्तरांचा गुणाकार होतो. गुणाकार लहान होत गेला तर अवस्था टोकाला चिकटते, मोठा होत गेला तर टोकाला काहीच नाही. गुणाकार म्हटलं की लॉग घ्यायचा. म्हणजे निकष एका ओळीचा : आतल्या दुव्यांच्या लॉगची सरासरी बाहेरच्या दुव्यांच्या लॉगच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर साखळी टोपॉलॉजिकल. यात अव्यवस्था लहान असल्याचं गृहीत धरलेलं नाही. ती कितीही मोठी असली तरी निकष तोच.

दहावीच्या भूमितीत भेटलेला भूमितीमध्य इथे कामाला येतो. आतले दुवे आलटून पालटून ०.२ आणि २ ठेवा. नेहमीची सरासरी १.१. बाहेरचे सगळे दुवे १. ‘आतला दुवा सरासरीने मोठा, म्हणून साधी अवस्था’ असं कुणीही म्हणेल. पण ०.२ आणि २ यांचा भूमितीमध्य ०.६३ आहे, आणि साखळीला फक्त तोच कळतो. भूमितीमध्य नेहमीच्या सरासरीपेक्षा कधीच मोठा नसतो. म्हणून सरासरी न हलवता आतले दुवे नुसते पसरवले की ते साखळीच्या हिशेबात अशक्त होतात. अव्यवस्थेने टोपॉलॉजी निर्माण होते ती, निदान एका मितीत, एवढ्याच कारणाने.

हे आकड्यांत करून बघा. आतला दुवा १.१ भोवती एकूण ‘र’ रुंदीच्या पट्ट्यात समान शक्यतेने निवडलेला, बाहेरचा दुवा नेमका १. पट्ट्याचं वरचं टोक प = १.१ + र/२, खालचं क = १.१ − र/२. मग

लॉगची सरासरी = (प × लॉग प − क × लॉग |क|) ÷ र − १

लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग, कॅल्क्युलेटरवरचं ln. पाच किमती काढा. र = १.५ ला +०.००४. १.६ ला −०.०१२. ३ ला −०.२९. ४ ला −०.१५. ५ ला पुन्हा +०.०१६. म्हणजे साखळी र = १.५२ च्या आसपास टोपॉलॉजिकल होते आणि ४.९० च्या आसपास ती अवस्था जाते. दुसरा उंबरठा का येतो? रुंदी फार वाढली की दुव्यांचं मोठेपणच वाढतं, चिन्ह धन असो वा ऋण, आणि भूमितीमध्य पुन्हा १ च्या वर जातो. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे कोड बरोबर आहे की नाही, याची परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची आहे.

साखळी संगणकावर

पायथनमधलं नमपाय पुरेसं आहे. २०० पेशी म्हणजे ४०० × ४०० ची मॅट्रिक्स, साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटते. हर्मिशियन मॅट्रिक्ससाठी असलेलं फंक्शन वापरा. सर्वसाधारण फंक्शन वापरलं तर एकमेकांना लंब नसलेले आयगेनव्हेक्टर हातात येतात आणि पुढचे सगळे प्रोजेक्टर बिघडतात.

पहिला अडथळा लांबीचा. र = १.६ ला सरासरी −०.०१२ आहे, म्हणजे अवस्था टोपॉलॉजिकल. पण एकेका दुव्याच्या लॉगचं प्रमाण विचलन ०.४९ आहे. १०० पेशींत एकूण ओढ १.२, आणि डगमग ०.४९ × १० = ४.९. दारुड्याला घराकडे जाणारा उतार इतका मंद असला तर शंभर पावलांत तो कुठेही असू शकतो. ओढ आणि डगमग सारख्या होण्यासाठीच १६०० हून जास्त पेशी लागतात. उलट र = ३ ला ओढ दर पेशीला ०.२९, विचलन १.१९, २०० पेशींत ओढ ५९ आणि डगमग १७, निकाल बऱ्यापैकी स्वच्छ. तेव्हा पहिलं चित्र र = ३ ला काढा, उंबरठ्यावर नाही. उंबरठ्याजवळ ‘अर्धे नमुने साधे आले’ म्हणून कोडमध्ये चूक शोधण्यात दिवस घालवू नका; तिथे तसंच येणार.

दुसरा अडथळा फसवा आहे. र = ३ ला दोन टोकांच्या अवस्थांच्या ऊर्जांमधलं अंतर साधारण ई-च्या −५९ व्या घाताएवढं, म्हणजे यंत्राच्या अचूकतेच्या कितीतरी खाली. संगणकाला दोन्ही ऊर्जा शून्यच दिसतात आणि तो दोन्ही टोकांचं वाटेल ते मिश्रण परत देतो. चित्रात एकच अवस्था दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी दिसते आणि ‘काठाची अवस्था पसरली’ असा निष्कर्ष निघतो. उपाय सोपा : त्या दोन व्हेक्टरांच्या अवकाशात अ-जागांना +१ आणि ब-जागांना −१ देणारी मॅट्रिक्स सोडवा. डावं टोक अ-वर, उजवं ब-वर, वेगळं होऊन येतं.

तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते. शून्याजवळ ऊर्जा आली म्हणजे टोपॉलॉजी आली, असं धरणं. विस्कळीत साखळीच्या पोटातही योगायोगाने काही तुकडे साधे तर काही टोपॉलॉजिकल निघतात, आणि त्यांच्या सांध्यांवर जवळजवळ शून्य ऊर्जेच्या अवस्था बसतात. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा सोडवा : एकदा उघडी टोकं ठेवून, एकदा टोकं जोडून वर्तुळ करून. वर्तुळातही उरतात त्या पोटातल्या.

चौथी चूक जागेवरच्या ऊर्जेची. ‘अव्यवस्था’ म्हणून अनेक जण कर्णावर यादृच्छिक संख्या टाकतात. त्या क्षणी अ-ब सममिती, म्हणजे कायरल सममिती, मोडते, आणि या साखळीत टोपॉलॉजीला आधार तेवढाच होता. शून्य अवस्था शून्यावर राहायला बांधील उरत नाही. एका मितीत अव्यवस्था दुव्यांतच हवी.

आता अणू खरोखर हलवू

इथपर्यंत दुवे थेट पसरवले. रचनेतल्या अव्यवस्थेत आपण अंतर बदलतो आणि दुवा अंतरातून ठरतो. इथे बहुतेकांची घाई होते, कारण अंतरातून दुवा कसा ठरतो यावर सगळं अवलंबून आहे. तीन उदाहरणं बघा, तिन्हीत फक्त शेजारचे दुवे धरले आहेत.

दुवा अंतराबरोबर घातांकी पद्धतीने कमी होत असेल तर त्याचा लॉग म्हणजे सरळ −अंतर ÷ लांबी. त्याची सरासरी घेतली की फक्त सरासरी अंतर उरतं. अणूंचा क्रम न मोडता ते कितीही विस्कटा, सरासरी अंतर तेच, म्हणून उंबरठा तसूभरही हलत नाही. हे मॉडेल घेऊन ‘रचनेतल्या अव्यवस्थेने संक्रमण’ शोधणारा वर्षभर शोधत बसेल.

दुवा अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर लॉग = −३ × लॉग अंतर. अंतर पसरलं की अंतराच्या लॉगची सरासरी घटते, म्हणजे दुवा साखळीच्या हिशेबात सशक्त होतो. मघाच्या नेमकं उलट. आता प्रत्येक अणू स्वतंत्रपणे हलवला तर आतली आणि बाहेरची दोन्ही अंतरं सारखीच पसरतात, पण लहान अंतरावर त्याचा परिणाम जास्त होतो. साध्या अवस्थेत लहान अंतर आतलं असतं. म्हणजे साधी साखळी आणखी साधी होते! दिशाच चुकली.

तिसरं उदाहरण चालतं. पेशीतले दोन्ही अणू जोडीने हलवा : आतलं अंतर जसंच्या तसं, पसरतं ते फक्त बाहेरचं. आतलं अंतर १, बाहेरचं १.०५ घ्या, दुवे १ आणि ०.८६, म्हणजे साधी अवस्था. प्रत्येक जोडी साखळीच्या दिशेने ± द च्या आत समान शक्यतेने सरकवा. बाहेरच्या अंतराचं वितरण त्रिकोणी होतं, आणि त्याच्या लॉगची सरासरी शून्याखाली जाते ती द = ०.३८ च्या जवळ. त्यापुढे साखळी टोपॉलॉजिकल. त्या वेळी सर्वांत जवळ आलेल्या दोन जोड्यांतलं अंतर ०.२९ पर्यंत उतरू शकतं आणि तिथला दुवा ४० च्या घरात जातो, हेही लक्षात ठेवा. ऊर्जेचा आलेख काढताना अक्ष आपोआप ताणला गेला तर शून्याजवळचं काहीच दिसणार नाही.

हा घनाचा नियम कल्पनेतला नाही. रिडबर्ग अवस्थेतल्या, म्हणजे अतिशय उत्तेजित, अणूंमधली द्विध्रुवी देवाणघेवाण असाच नियम पाळते, शिवाय ती दिशेवरही अवलंबून असते : ५४.७ अंशांवर ती शून्य होते. पॅरिसजवळच्या पालेझो इथल्या गटाने २०१९ मध्ये प्रकाशाच्या चिमट्यांत धरलेल्या १४ रुबिडियम अणूंची अशीच साखळी बनवली, ती त्या कोनाचा फायदा घेऊन. अ-अ आणि ब-ब दुवे त्या कोनावर ठेवले की नाहीसे होतात आणि कायरल सममिती वाचते. चिमटे हवे तिथे ठेवता येत असल्यामुळे रचनेतली अव्यवस्था तपासायला ही व्यवस्था सोयीची. तुमच्या मॉडेलमध्ये दूरचे अ-ब दुवे घेतले तर सममिती टिकते पण ०.३८ हा आकडा सरकतो. आणि अणू फार जवळ आले की शेजारच्या रिडबर्ग पातळ्याही मिसळू लागतात, तिथे साधा घनाचा नियम पुरत नाही. म्हणून प्रयोगवाल्यांशी बोलायला जाताना कमीत कमी अंतराची अट घालूनच आकडे न्या.

दोन मिती : इथे कागद पुरत नाही

एका मितीत अचूक उत्तर होतं. दोन मितींत नाही. आहे तो अंदाज, आणि अंदाजाला उत्तर समजण्याचा मोह.

मॉडेल साधं घ्या. प्रत्येक ठिपक्यावर दोन कक्षा. कर्णावर वस्तुमान म, पहिल्या कक्षेला +म, दुसऱ्या कक्षेला −म. दोन ठिपक्यांमधला दुवा हा २ × २ चा तुकडा : −½ × ट × [सिग्मा-झेड + आय × (कॉस कोन × सिग्मा-एक्स + साइन कोन × सिग्मा-वाय)], जिथे कोन दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेचा आणि ट अंतरावर अवलंबून. चौरस जालकावर फक्त शेजारचे दुवे आणि ट = १ घेतलं की ओळखीचं चर्न इन्सुलेटर (काठावर एकाच दिशेने वाहणारं दोन मितींतलं टोपॉलॉजिकल इन्सुलेटर) मिळतं : म शून्य आणि २ च्या मध्ये टोपॉलॉजिकल, २ च्या पुढे साधं. आधी हे मिळवा. हे न मिळता ठिपके विस्कटायला घेऊ नका.

मग ट = ई-चा (१ − अंतर) वा घात आणि २.५ अंतरापर्यंतचे सगळे दुवे धरा. स्फटिकावर उंबरठा एका ठिपक्याच्या सगळ्या ट-च्या बेरजेच्या निम्मा असतो : शेजारचे ४, कर्णावरचे ४, दोन घरं पलीकडचे ४, घोड्याच्या चालीचे ८, बेरीज १०.४४, निम्मे ५.२२. हा आकडा अचूक आहे. आता तेवढ्याच घनतेने ठिपके संपूर्ण यादृच्छिक विखुरले तर त्याच बेरजेची सरासरी निम्मी करून ६.०९ येते. का वाढली? स्फटिकात एका घरापेक्षा जवळ कुणीच नसतं. विखुरलेल्या ठिपक्यांत काही जण अगदी खेटून बसतात आणि तिथले दुवे मोठे. म्हणून म = ५.६ सारखी किंमत शोध सुरू करायला चांगली : स्फटिकात साधी, विखुरल्यावर कदाचित टोपॉलॉजिकल. ‘कदाचित’ अशासाठी की सरासरीबरोबर ठिपक्या-ठिपक्यातला फरकही वाढतो आणि तो स्वतःचा परिणाम करतो. निर्णय बॉट इंडेक्सचा, म्हणजे जालक नसतानाही नमुना टोपॉलॉजिकल आहे का हे सांगणाऱ्या पूर्णांकाचा.

बॉट इंडेक्स काढायची पद्धत अशी. नियतकालिक सीमा ठेवून मॅट्रिक्स सोडवा. खालच्या अर्ध्या अवस्था घ्या. प्रत्येक ठिपक्याच्या क्ष-स्थानाचा २π × क्ष ÷ लांबी हा कोन करून ई-च्या (आय × कोन) या घातांची कर्ण-मॅट्रिक्स बनवा, ती भरलेल्या अवस्थांत प्रक्षेपित करा. तसंच य-साठी. दोन्हींना यू आणि व्ही म्हणू. व्ही, यू, व्ही-डॅगर, यू-डॅगर यांचा या क्रमाने गुणाकार करा, त्याच्या आयगेनव्हॅल्यूंचे कोन घ्या, बेरीज करा, २π ने भागा. पूर्णांक येतो.

इथली एक चूक इतकी सुबक आहे की ती चूक वाटतच नाही. आयगेनव्हॅल्यू काढायला वेळ लागतो म्हणून कुणीतरी हुशारीने डिटर्मिनंट काढतो आणि त्याचा कोन घेतो. गणितात कोनांची बेरीज म्हणजे डिटर्मिनंटचा कोन, बरोबर? पण २π च्या पटी सोडून. आणि आपल्याला नेमकी तीच पट हवी आहे. या गुणाकाराचा डिटर्मिनंट नेहमी धन वास्तव संख्या असतो, म्हणून उत्तर प्रत्येक नमुन्याला शून्य. कोड चालतो, एरर येत नाही, नकाशा एकरंगी येतो आणि ‘या मॉडेलमध्ये टोपॉलॉजी नाही’ असं गाईडला कळवलं जातं.

दुसरी चूक सीमेवरची. अंतर मोजताना गुंडाळून मोजायचं, म्हणजे उजव्या काठावरचा ठिपका डाव्या काठावरच्याचा शेजारी, हे सगळे करतात. कोन मोजताना मात्र न गुंडाळलेल्या फरकांतून मोजतात. मॅट्रिक्स तरीही हर्मिशियन राहते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. पण सीमा ओलांडणारे दुवे उलट्या दिशेने बसतात, आणि नमुन्याच्या सीमेवर जणू एक शिवण तयार होते, तिच्यावर खोट्या काठाच्या अवस्था. ओळखायची खूण : गॅपमधल्या अवस्थांची घनता रंगवली की ती काठालगत सरळ रेषेत दिसते. उपाय : क्ष आणि य हे दोन्ही फरक आधी गुंडाळा, मग त्यांतूनच अंतर आणि कोन काढा. आणि दुव्याची कमाल पोहोच नमुन्याच्या निम्म्या बाजूपेक्षा लहान ठेवा, नाहीतर एकाच ठिपक्याच्या दोन प्रतिमा पोहोचीत येतात.

प्रक्षेपित यू नेमकी युनिटरी नसते. तिची सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यू दर नमुन्याला नोंदवा. ती शून्याजवळ गेली की त्या नमुन्याच्या बॉट इंडेक्सवर विश्वास ठेवू नका; पूर्णांक तरीही येईल, पण नाणेफेकीइतकाच.

आकार किती? २० × २० म्हणजे ४०० ठिपके, ८०० × ८०० मॅट्रिक्स, १० मेगाबाइट. लॅपटॉपवर शेकडो नमुने होतात. ६० × ६० ला मॅट्रिक्स ७२०० ची, एकटीच ८३० मेगाबाइट, आणि सोडवताना तिच्या प्रती लागतात. ४ जीबीचा लॅपटॉप तिथे गुदमरतो. पुण्यात आयसरमध्ये असाल तर तिथल्या परम ब्रह्म या महासंगणकावर जागा मागता येते, पण २०, ३० आणि ४० हे तीन आकार स्वतःच्या यंत्रावर झाल्याशिवाय मागू नका. आकार वाढवला की संक्रमण तीव्र होतं का, हेच पाहायचं असतं, आणि त्याला तीन आकार लागतात.

ठिपके फार खेटू नयेत म्हणून कमीत कमी अंतराची अट घालून एकेक ठिपका टाकत जाण्याची पद्धत सोपी आहे. पण घनता १ ठेवून ते अंतर ०.८३ च्या पुढे नेलंत तर लूप कधीच संपणार नाही : यादृच्छिक टाकलेल्या चकत्या ५४.७ टक्के क्षेत्र व्यापल्यावर अडकतात. (कोनाच्या ५४.७ शी याचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.) प्रत्यक्षात ०.६ च्या पुढे जायची गरज पडत नाही.

यादृच्छिक संख्यांबद्दल दोन गोष्टी. प्रत्येक नमुन्याचं बीज, म्हणजे सीड, निकालासोबत साठवा. विचित्र नमुना नंतर परत काढता आला पाहिजे. आणि १६ प्रक्रिया एकाच वेळी चालवल्यात तर त्या सगळ्या एकाच बीजापासून सुरू होत नाहीत ना, ते बघा. तसं झालं तर १६०० नमुने दिसतात, असतात १००, आणि एरर बार चौथ्या हिश्शाएवढे लहान येतात. प्रत्येक प्रक्रियेला एकच थ्रेड द्या, नाहीतर सगळ्या एकमेकींच्या पायांत येऊन काम उलट मंदावतं.

आणि सरासरी बॉट इंडेक्स ०.५ आला तर तो ‘अपूर्णांकी’ काही नाही. निम्म्या नमुन्यांत १, निम्म्यांत ०. १०० नमुन्यांवर या सरासरीत ०.०५ ची अनिश्चितता असते, ४०० वर ०.०२५. रंगीत नकाशाआधी एका बिंदूवरचा हिस्टोग्राम काढायची सवय लावा.

काय वाचावं, कुणाकडे जावं

तयारी म्हणून क्वांटम मेकॅनिक्सचे दोन पेपर, घन-अवस्थेचा एक आणि रैखिक बीजगणित पक्कं, एवढं पुरतं. टोपॉलॉजी हा शब्द ऐकून गणिताचा जाड ग्रंथ उघडू नका; इथे लागते ती बरीचशी मॅट्रिक्सची शिस्त. टीयू डेल्फ्टचा घन पदार्थांतल्या टोपॉलॉजीवरचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे, त्यातली उदाहरणं क्वांट या पायथन पॅकेजवर आहेत. वाहकता काढायची असेल तेव्हा क्वांटकडे वळा; वरचं सगळं त्याशिवायही होतं, आणि पहिल्यांदा स्वतः लिहिलेलं बरं.

प्रयोग कुठवर आलेत हे माहीत असू द्या, कारण मुलाखतीत विचारतात. २०१८ साली दोन ठिकाणी टोपॉलॉजिकल अँडरसन इन्सुलेटर दिसला : इलिनॉयमध्ये अतिशीत रुबिडियमच्या संवेग-अवस्थांची साखळी करून, दुवे लेझरने हवे तसे विस्कटून, आणि काचेत लेझरने कोरलेल्या मळसूत्री प्रकाशवाहिन्यांच्या जालकात. त्याच वर्षी शिकागोत जालक नसलेल्या, अस्ताव्यस्त मांडलेल्या भोवऱ्यांच्या यांत्रिक रचनेत काठावरची एकदिशा लहर दाखवली गेली. २०२३ मध्ये अस्फटिकी बिस्मथ सेलेनाइडच्या पातळ थरांत पृष्ठभागावरच्या टोपॉलॉजिकल अवस्थेचा पुरावा आला. यातला पहिला प्रयोग सर्वांत काळजीपूर्वक वाचा. तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढलेला भूमितीमध्य तिथे प्रयोगशाळेत भेटतो.

उन्हाळी प्रकल्पासाठी तिन्ही विज्ञान अकादम्यांची फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी हे दोन नेहमीचे रस्ते. पीएच.डी.साठी जेस्ट, गेट किंवा नेट. या विषयात अर्ज करताना ‘मला टोपॉलॉजीत रस आहे’ या वाक्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी १.५२ आणि ४.९० हे उंबरठे स्वतःच्या कोडमधून काढलेला एक पानी आलेख जोडा, खाली पेशींची संख्या, नमुन्यांची संख्या आणि बीज. वाचणाऱ्याला तेवढ्यात कळतं.

आणि तुमचे उंबरठे छापलेल्या एखाद्या निबंधातल्या उंबरठ्यांशी नेमके दुपटीने चुकत असतील तर घाबरू नका, कोडही बदलू नका. निबंधात अव्यवस्था कशी लिहिली आहे ते आधी बघा. काही जण पट्टा −र/२ ते +र/२ घेतात, काही −र ते +र. पहिल्यात विचरण र² ÷ १२, दुसऱ्यात र² ÷ ३. ही माहिती बहुधा एका समीकरणाखालच्या अर्ध्या ओळीत असते.